पक्क्या रंगाचा टॉवेल

माझ्याकडे मोटारसायकलच्या शर्यतींचे काही हजार फोटो आहेत आणि त्यातल्या निम्म्या फोटोंत डाव्या बाजूला एक कोपर आहे. काळसर, हाडकुळं, वर दुमडलेली बाही. गाडी उंचवट्यावरून उडालेली असते, मागचं चाक मातीचा फवारा मारत असतं, रायडर हवेत उभा असतो, सगळं कसं जिथल्या तिथं. आणि डावीकडून हे कोपर आत घुसलेलं असतं. लोक विचारतात, हे कोण? मी सांगतो, आमचे मालक.

मालक म्हणजे घरमालक. सोलापूर शहराच्या पूर्व भागात खाली त्यांचा टॉवेलचा छोटा कारखाना होता आणि वर दोन खोल्यांत मी आणि माझी बायको भाड्यानं राहत होतो. त्यांचं नाव मला अर्थातच ठाऊक होतं, पण गल्लीत त्यांना कुणी नावानं हाक मारल्याचं आठवत नाही. दूधवाला, शेजारी, त्यांचे व्याही, सगळे मालकच म्हणत. मी राहायला गेलो तेव्हा खाली माग चालू असायचे आणि त्या खडखडाटात मला झोप यायची नाही. पुढं माग बंद झाले आणि मालकांना झोप येईनाशी झाली. माझ्या सगळ्या त्रासाला तिथून सुरुवात झाली.

मी एका पतसंस्थेत क्लार्क आहे. आठवडाभर लोकांच्या पासबुकात नोंदी करायच्या आणि रविवारी कॅमेरा घेऊन शर्यतींना जायचं, एवढंच माझं सुख. सोलापूरच्या आसपास माळांना तोटा नाही. हौशी मंडळी जेसीबी लावून एखादा माळ उकरतात, मुरमाचे उंचवटे करतात, कडेनं दोर बांधतात, टँकरनं पाणी मारतात आणि मातीतल्या मोटारसायकलच्या शर्यती लावतात. मारलेलं पाणी बघता बघता वाळतं. मग जी धूळ उठते ती नाकात, कानात, डब्यातल्या शेंगाचटणीत, सगळीकडं जाते. तरी मला ते आवडायचं. गाडी हवेत असते तो क्षण आपल्याला पकडता येतो, आणि आठवडाभरात दुसरं काही पकडता येत नाही, म्हणून आवडत असेल.

एका रविवारी सकाळी मी कॅमेऱ्याची बॅग घेऊन खाली उतरलो तर मालक माझ्या स्कूटरवर मागच्या सीटवर बसलेले होते. गळ्यात जावयानं दिलेला नवा कॅमेरा, मांडीवर कापडी पिशवी.

"कुठं निघालाव?" मी विचारायच्या आधी त्यांनीच मला विचारलं.

"शर्यतीला. तुम्ही?"

"मी पण. चला की, ऊन व्हायलंय."

मला कुणी विचारलं नव्हतं. त्या दिवसापासून मालक सुरतेला लेकीकडं राहायला जाईपर्यंत एकही रविवार मी स्कूटरवर एकटा गेलो नाही.

फोटो काढायची मालकांची स्वतःची रीत होती. गाडी वळणावर दिसली की ते "आला, आला, आला" असं तीनदा म्हणत आणि मग बटण दाबत. तोवर गाडी पुढच्या वळणाला गेलेली असायची. त्यामुळं त्यांच्या कॅमेऱ्यात फक्त धूळ यायची. सकाळची धूळ, दुपारची धूळ, उन्हात चमकणारी धूळ. मी शेवटी म्हणालो, "मालक, एकदाच म्हणा ना 'आला'. किंवा मनात म्हणा."

"एकदा म्हटलं तर बारकं वाटतंय ओ," ते म्हणाले. "एवढी मोठी गाडी येलालीय."

बरं, फोटो बिघडला असं त्यांना कधी वाटलंच नाही. रविवारी संध्याकाळी ते जिन्याच्या पायरीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला कॅमेरा दाखवत. "ह्यात तीन गाड्या हायत. हा पिवळा, हा मागचा, आणि हा कोपऱ्यात सत्तावीस नंबर." समोर नुसती तांबडी धूळ. माझी बायको भिडस्त. एकदा ती म्हणाली, "हो, दिसतोय की." झालं. तिला फोटोतलं कळतं आणि मला कळत नाही, हे त्यांनी गल्लीभर केलं. पुढं माझे फोटोही ते आधी तिला दाखवून घ्यायला सांगत.

मी रात्री जेवून फोटो निवडायला बसलो की ते शेजारी खुर्ची ओढून बसत. मी एखादा फोटो रायडरला पाठवायला घेतला की म्हणत, "थांबा. गाडीला चिखल हाय. पुसून पाठवा." मी म्हणे, मालक, चिखल हीच तर गंमत आहे. तरी त्यांची नजर त्या चिखलावरून हलत नसे. आयुष्यभर त्यांनी टॉवेलातला एखादा सुटलेला धागा, एखादा डाग शोधला होता. त्यामुळं कुठंही काही चांगलं दिसलं की त्यांचा पहिला प्रश्न, ह्यात खराब काय आहे? माझ्या बायकोनं केलेल्या पुरणपोळीलाही त्यांनी उजेडात धरून बघितलं होतं. आणि स्वतःच्या टॉवेलाबद्दल विषय निघाला की एकच वाक्य: "रंग पक्का हाय. फाटंल, पण उतरणार न्हाय."

ही टॉवेलाची भानगड त्यांनी शर्यतीतही आणली. त्या कापडी पिशवीत माग बंद झाल्यावर उरलेले टॉवेल असत. आमच्याकडं कुणाचाही मान करायचा तर खांद्यावर टॉवेल टाकून, हातात नारळ देऊन करतात. मालकांनी नारळ वगळला. टँकरवाला, ॲम्ब्युलन्सचा ड्रायव्हर, झेंडेवाली पोरं, माईकवाला, कुणालाही गाठून ते त्याच्या खांद्यावर टॉवेल टाकत आणि हात जोडत. आता मला काय राग यायचा ते सांगतो. दोराच्या आत, ट्रॅकच्या कडेला उभं राहायचं असेल तर शर्यती लावणाऱ्या क्लबचं केशरी जॅकेट लागतं. ते मिळावं म्हणून मी दोन वर्षं क्लबच्या सेक्रेटरीच्या मागं होतो. त्याला फोटो फुकट दिले, त्याच्या पुतण्याच्या बारशाचेही काढले. तेव्हा कुठं मला जॅकेट मिळालं. मालकांनी पहिल्याच रविवारी सेक्रेटरीच्या खांद्यावर टॉवेल टाकला आणि दोराखालून वाकून सरळ आत आले. जॅकेट नाही, काही नाही. आत येऊन माझ्या डाव्या हाताला उभे राहिले.

धुळीपासून कॅमेरा वाचवायला त्यांनी त्याला टॉवेलाचंच आवरण शिवलं होतं. शिवलं म्हणजे भिंगापुरती जागा सोडून बाकी गुंडाळलं, वर गाठ मारली. रंग लालभडक. शर्यतीत हिरवा झेंडा म्हणजे सुटा, पिवळा म्हणजे जपून आणि लाल म्हणजे जिथं असाल तिथं थांबा. पुढं कुणी पडलेलं असेल, काही अपघात असेल, म्हणून लाल दिसला की रायडरनं डोकं चालवायचं नाही, ब्रेक मारायचा. एक हात वर करायचा, म्हणजे मागच्यांना कळतं की हा थांबतोय. हे सगळं मी मालकांना समजावून सांगितलं.

"मालक, निळा घ्या, पांढरा घ्या. लाल नको."

"लाल आमचा खपाचा रंग ओ."

"इथं कुठं खपवायचाय?"

बराच वेळ घासाघीस होऊन एवढं ठरलं की टॉवेल लालच राहील, पण त्यावरची धूळ झटकायची असली की मालक ट्रॅककडं पाठ करतील आणि खाली वाकून झटकतील. हे मात्र त्यांनी इमानानं पाळलं. दर शर्यतीनंतर ते पाठ फिरवून, वाकून, शेताच्या बांधाकडं तोंड करून टॉवेल झटकत. लांबून बघणाऱ्याला वाटायचं म्हातारा कुणाला तरी नमस्कार करतोय.

आता सत्तावीस नंबरबद्दल. तो कुर्डुवाडीचा, गाड्यांच्या दुरुस्तीचं स्वतःचं गॅरेज. चाळिशी ओलांडलेली. बाकीची पोरं टेम्पोतून नव्या कोऱ्या गाड्या उतरवायची आणि ह्याची गाडी तीन गाड्यांचे भाग जोडून केलेली. पण चालवायचा असा, की मी इतर रायडरांचे चार फोटो काढले तर त्याचे चाळीस काढायचो. एवढं असून तो कधी पहिला आला नाही. दुसरा यायचा, तिसरा यायचा, एकदा चेन तुटून गाडी ढकलत आला. त्याच्या बायकोनं त्याला सांगून टाकलं होतं, ह्या वर्षीचा सीझन शेवटचा, कंबर मोडून घरी आलास तर बघणार नाही. सीझनच्या शेवटच्या शर्यतीच्या सकाळी तो आमच्याजवळ येऊन चहा पीत उभा राहिला.

"औंदा एकदा पयला येऊ द्या," तो म्हणाला. "एकदाच. मग स्टेशनासमोर माजा फ्लेक्स लावतो आन् गाडी इकून टाकतो. आमच्या गावात समद्यांचं फ्लेक्स लागत्यात, वाढदिवसाचं, निवडीचं, कशाचं बी. माजंच तेवढं न्हाय. तुमी फोटो काडणार न्हवं?"

"मी काढतो," मी म्हणालो. "शेवटच्या वळणालाच उभा राहतो."

मालकांनी पिशवीतून टॉवेल काढून त्याच्या खांद्यावर टाकला. "पयला या," ते म्हणाले. तो मालकांच्या पाया पडला. कुठल्याही रायडरला पायाला हात लावू द्यायचा नाही, धूळ लागते, असा मालकांचा नियम होता, पण त्या दिवशी त्यांनी हात लावू दिला.

फायनलला सहा-सात गाड्या होत्या. खरी लढत दोघांत, सत्तावीस आणि अकलूजचा एक पोरगा. पोरगा विशीतला, गाडी परदेशी, घरचे चुलते-मामे दोन जीप भरून आलेले. सत्तावीसनं पहिल्या वळणाला जी आघाडी घेतली ती सोडलीच नाही. प्रत्येक फेरीला तो पुढं आणि त्याच्या धुळीत मागं तो पोरगा. मी शेवटच्या वळणावर गुडघ्यावर बसलो होतो. मालक माझ्या डावीकडं, चार पावलं पुढं. शेवटच्या फेरीची पाटी दाखवली गेली. सत्तावीस पलीकडच्या उंचवट्यावरून उडाला, ह्या बाजूला वळला, आता फक्त हे वळण आणि समोरची सरळ पट्टी. माझ्यासारख्या माणसाला कुणाच्या तरी जिंकण्याची एवढी ओढ लागावी, ह्याचं आता नवल वाटतं, पण तेव्हा लागली होती.

तेवढ्यात मालकांच्या लक्षात आलं की त्यांच्या कॅमेऱ्याच्या भिंगावर धूळ बसली आहे. सत्तावीसचा हा एक फोटो तरी धुळीशिवाय निघावा, असं त्यांच्या मनात होतं. त्यांनी मला नंतर सांगितलं, आणि मी त्यावर विश्वास ठेवतो. त्यांनी घाईघाईत गाठ सोडली, भिंग पुसायला टॉवेल ओढून काढला आणि पाठ फिरवायची, वाकायची, सगळं विसरून डोक्याच्या वर दोन्ही हातांनी जोरात झटकला.

धूळ निघेना, म्हणून झटकतच राहिले.

सत्तावीसनं मान वर केली, लाल बघितलं आणि ब्रेक मारला. पुढचं चाक मुरमात रुतलं. तो पावठ्यांवर, म्हणजे पाय टेकायच्या दांड्यांवर, उभा राहिला, नियमाप्रमाणं त्यानं डावा हात वर केला आणि बटणावरचं माझं बोट दाबलं गेलं. मागचा पोरगा धुळीत होता, त्याला टॉवेलही दिसला नाही आणि हातही. तो बाजूनं सुटला तो सरळ शेवटच्या रेषेवरच्या चौकड्यांच्या झेंड्याखालून गेला. त्याच्या चुलत्यांनी गुलाल उधळला. माईकवाला ओरडायला लागला.

सत्तावीसनं इंजिन बंद केलं आणि हेल्मेट काढलं. मला वाटलं आता हा मालकांच्या अंगावर जाणार. त्यानं नुसतं बघितलं.

"मालक," तो म्हणाला, "तुमी व्हय?"

मालकांच्या हातात टॉवेल तसाच होता. सत्तावीस गाडी ढकलत निघाला आणि दोराला टेकून खाली बसला. मला मालकांचा इतका राग आला होता की मी त्यांच्याकडं बघू शकलो नाही. इतक्या वर्षांची कोपरं, धुळीचे फोटो, पुरणपोळी, सगळं एकदम डोक्यात गेलं. मी ठरवलं, आजच खोली सोडायची.

मी बघितलं तेव्हा मालक जागेवर नव्हते. ते ट्रॅकवरून चालत चालले होते. सरळ पट्टीवरून, शांतपणे, कॅमेरा गळ्यात लोंबतोय, पिशवी काखेत. शेवटच्या रेषेवर पोचले, पिशवीतून एक पांढरा टॉवेल काढला, रेषेवर अंथरला आणि त्यावर मांडी घालून बसले.

सेक्रेटरी धावत आला. "ओ मालक, उठा. बक्षीस समारंभ आहे. पाहुणे आलेत."

"रेस परत लावा," मालक म्हणाले.

"काय?"

"चूक माझी हाय. मी टॉवेल झटकलो. त्याला लाल दिसलं, तो थांबला. जो नियम पाळला तो हरला. परत लावा. तवर उठत न्हाय."

सेक्रेटरीनं आधी विनवलं, मग दरडावलं. पाहुण्यांना अजून एका उद्घाटनाला जायचं होतं. ते मांडवात हार घालून बसले होते आणि हार सुकत होता. चार झेंडेवाली पोरं मालकांना उचलायला आली. मालकांनी अंग असं ढिलं सोडलं की त्यांना उचलता येईना. शिवाय चारही पोरांच्या खांद्यावर मालकांनीच दिलेले टॉवेल होते, त्यामुळं त्यांचा जोरही लागत नव्हता. लोक मोबाईल काढून गोळा झाले. माईकवाला म्हणत होता, मालक, आपल्याला विनंती आहे, मालक, सोलापूरचं नाव खराब होतंय. मालक ढिम्म. हा माणूस अशाच हट्टानं माझ्या स्कूटरवर बसला होता, ते मला तेव्हा आठवलं.

सेक्रेटरी माझ्याकडं वळला. "हे तुमच्याबरोबर आलेत ना?"

खोटं सांगतो कशाला, मला क्षणभर म्हणावंसं वाटलं की मी ह्यांना ओळखत नाही. पण लोकांच्या मधे ते मांडी घालून बसलेले, धुळीनं भुवया पांढऱ्या झालेल्या, आणि नजर त्या दोराला टेकलेल्या सत्तावीसवर. "हो," मी म्हणालो. "आमचे मालक आहेत."

शेवटी सोडवलं ते अकलूजच्या पोरानं. त्याचे चुलते भांडायला उभे होतेच, पण तो गुलालानं माखलेला पुढं आला आणि म्हणाला, "लावा की परत. मला बी कळू दे मी जिंकलो का न्हाय." चुलत्यांनी त्याला बाजूला ओढलं, तो परत आला. मग पाहुण्यांना घाईनं कुणाचा तरी सत्कार करायला लावून वाटेला लावलं, आणि दोघांचीच तीन फेऱ्यांची शर्यत ठरली. सेक्रेटरीनं एक अट घातली. मालकांचा कॅमेरा आणि लाल टॉवेल त्याच्या ताब्यात, माझं केशरी जॅकेट परत, आणि आम्ही दोघं दोराच्या बाहेर. "आणि ह्यांना धरून बसा," तो मला म्हणाला. "हात हलला तरी तुम्हाला जबाबदार धरीन."

दोन वर्षं खटपट करून मिळवलेलं जॅकेट मी अंगातून काढून दिलं. मालक म्हणाले, "जाऊ द्या ओ, त्याचा रंग तसा पण उडालाय."

आम्ही दोराच्या बाहेर मातीत बसलो. मी मालकांचे दोन्ही हात माझ्या दोन्ही हातांत घट्ट धरले होते. त्यांच्या हातात कॅमेरा नाही, डोळ्यासमोर भिंग नाही, अशी शर्यत ते पहिल्यांदाच बघत होते. हिरवा झेंडा पडला. पहिल्या फेरीला पोरगा पुढं, दुसऱ्या फेरीला पोरगाच पुढं. मालक त्यांच्या घरच्या भाषेत, तेलुगूत, काहीतरी पुटपुटत होते, देवाला की सत्तावीसला कोण जाणे. तिसऱ्या फेरीला पलीकडच्या उंचवट्यावर सत्तावीसनं गाडी अशी काही टाकली की दोघं एकाच वेळी हवेत होते, आणि खाली उतरले तेव्हा सत्तावीस पुढं होता. "आला," मालक ओरडले, "आला, आला!" आणि त्यांचे हात वर जायला लागले. मी जिवाच्या आकांतानं ते खाली दाबून धरले. सत्तावीस आमच्या समोरून गेला, सरळ पट्टीवर गेला, झेंड्याखालून गेला. पहिला.

मालक रडत होते. मीही रडलो, त्यात लपवायचं काही नाही.

मग गुलालानं लाल झालेला, हेल्मेट काखेत धरलेला सत्तावीस आमच्याकडं पळत आला. माझ्यासमोर उकिडवा बसला. त्याचे दात तेवढे पांढरे दिसत होते.

"दावा," तो म्हणाला. "फोटो दावा की!"

मी माझ्या हातांकडं बघितलं. ते अजून मालकांच्या हातांत होते. कॅमेरा माझ्या गळ्यात, झाकण लावलेलं.

"फोटो नाही," मी म्हणालो.

"मी मोकळाच होतो ओ," मालक म्हणाले. "हेच माझा हात धरून बसले होते."

त्यांचा गळा दाबावा असं मला आयुष्यात अनेकदा वाटलं आहे, पण इतक्या जोरात कधी नाही. आम्ही मोबाईलवाल्यांकडं पळालो. तिथं मालकांचं ठिय्या आंदोलन सगळ्यांकडं होतं, सगळ्या बाजूंनी. शेवटच्या क्षणाला मात्र सगळे एकदम उठून उभे राहिले होते, त्यामुळं कुणाकडं डोकी होती आणि कुणाकडं नुसती धूळ. सत्तावीसचं हसू हळूहळू ओसरलं. "ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला. "आलो न्हवं पयला, बास." पण बास झालं नव्हतं हे त्याच्या तोंडावर दिसत होतं. फ्लेक्सशिवाय तो घरी काय सांगणार?

काहीतरी करायचं म्हणून मी कॅमेऱ्यातले दिवसभराचे फोटो मागं मागं सरकवत गेलो. आणि तो फोटो आला. चुकून बटण दाबलं गेलं होतं तो.

मी आजवर काढलेला सगळ्यात सुंदर फोटो तो आहे, हे मला आवडत नसलं तरी खरं आहे. सत्तावीस पावठ्यांवर ताठ उभा. चेहरा वर, डोळे सरळ समोर. डावा हात उंच. मागं उन्हात उजळलेली धुळीची भिंत, आणि ट्रॅकवर दुसरं कुणी नाही. आणि डावीकडं, ह्या वेळी नुसतं कोपर नाही, आख्खे मालक. टाचा वर उचललेल्या, दोन्ही हातांनी डोक्यावर लालभडक टॉवेल उधळलेला. ज्याला ठाऊक नाही त्याला वाटावं, रायडर जिंकून हात उंचावतोय आणि हा म्हातारा आनंदानं वेडा झालाय.

सत्तावीस स्क्रीनवर वाकला. "ह्योच द्या," तो म्हणाला.

"अहो, ह्यात तर तुम्ही थांबलाय."

"कुनाला कळतंय? आन् मालकाकडं बगा की. माज्यासाटी एवढं कोन नाचलंय आजवर? माजा सख्खा भाऊ बी न्हाय."

मालकांनी चष्मा वर करून स्क्रीनकडं बघितलं. "गाडीला चिखल हाय," ते म्हणाले.

पुढच्या रविवारी फ्लेक्स लागला. सत्तावीसचा फोन आला, बघायला या. आम्ही सकाळच्या गाडीनं कुर्डुवाडीला गेलो. स्टेशनातून बाहेर पडलो तर समोरच, निवडीच्या आणि वाढदिवसांच्या फ्लेक्सच्या गर्दीत, सगळ्यात मोठा फ्लेक्स. हात उंचावलेला सत्तावीस आणि टॉवेल उधळणारे मालक, दोघंही माणसाच्या दुप्पट. खाली मोठ्या अक्षरांत हार्दिक अभिनंदन. माझं नाव कुठंही नव्हतं. सत्तावीस नवीन शर्ट घालून फ्लेक्सखाली उभा होता, शेजारी त्याची बायको. तिनं आपण होऊन मालकांना नमस्कार केला. "तुमी लई नाचलाव," ती म्हणाली. मालकांनी ते नाकारलं नाही. सत्तावीसनं चहा सांगितला. माझ्या मनात आलं, चला, एवढं सगळं झालं पण गोड झालं, आता हे सगळं विसरून जाऊ.

मालक मात्र फ्लेक्सच्या जवळ गेले होते. मान मागं टाकून, डोळे बारीक करून, पुरणपोळी बघितली होती तसे ते बघत होते. मग त्यांनी पिशवीतून तो लाल टॉवेल काढला, सेक्रेटरीकडून परत मिळवलेला, आणि हात उंच करून फ्लेक्सवरच्या टॉवेलाशेजारी धरला. फ्लेक्सवरचा टॉवेल गुलाबी झाला होता.

"रंग चुकला," ते म्हणाले.

"मालक, फ्लेक्स आहे तो. छापताना थोडं होतंच."

"माझ्या टॉवेलचा रंग असा न्हाय. हे बघून लोक काय म्हणतील? रंग उतरलाय म्हणतील."

"मालक, चला, चहा सांगितलाय."

"परत छापायला लावा," मालक म्हणाले. त्यांनी टॉवेल नीट झटकला, ह्या वेळी आठवणीनं पाठ फिरवून आणि खाली वाकून, आणि मग तो स्टेशनासमोर रस्त्याच्या कडेला अंथरून त्यावर मांडी घातली. "तवर उठत न्हाय."

रिक्षावाले बघायला लागले. सत्तावीस चहाचे कप हातात घेऊन जागच्या जागी उभा राहिला. त्याची बायको माझ्याकडं बघायला लागली, हे तुमच्याबरोबर आलेत ना, अशा नजरेनं. परतीच्या गाडीची वेळ होत आली होती. मी एक कप मालकांच्या हातात दिला, एक स्वतः घेतला, आणि त्यांच्या डाव्या बाजूला, टॉवेलाच्या उरलेल्या टोकावर बसलो.